भीतीचा ठराव नको, मोजमापाचा ठराव करा



बीबीपासून लोणार, मेहकर, सिंदखेडराजापर्यंतच्या कोणत्याही गावात मोबाईलच्या टॉवरचा विषय काढून पाहा. घटकाभरात गावाचे दोन तट पडतात. एक म्हणतो, टॉवर आला की कॅन्सर आला, चिमण्या गेल्या, गाई आटल्या. दुसरा म्हणतो, टॉवर म्हणजे विकास, जो आडवा येईल तो गावाचा वैरी. ज्याच्या धुऱ्यावर टॉवर उभा राहायचा त्याला भाड्याची स्वप्ने पडतात, ज्याचे घर शेजारी त्याची झोप उडते. भाऊबंदकीला एक नवे निमित्त मिळते. या भांडणात एकच माणूस निवांत असतो, तो म्हणजे पिशवीत करारनामा घेऊन आलेला कंपनीचा माणूस. गाव भांडत बसते तोवर याचा खड्डा खणून होतो.

आमचे म्हणणे दोन्ही तटांना कदाचित रुचणार नाही. आम्हाला टॉवर हवा आहे. पण तो कोठे उभा राहील, घरापासून किती अंतरावर, कोणत्या अटींवर, याची तपासणी खड्डा खणण्याआधी गावासमोर झाली पाहिजे. आज ही तपासणी होत नाही. आमचा झगडा आहे तो यासाठी.

रेंज ही आता चैन नाही

या देशात मोबाईलवरून पहिला फोन लागला ३१ जुलै १९९५ रोजी, कलकत्त्याहून दिल्लीला. एक मुख्यमंत्री आणि एक केंद्रीय मंत्री यांचे ते बोलणे होते. त्यानंतर सत्तावीस वर्षांनी, जुलै २०२२ मध्ये, केंद्रीय मंत्रिमंडळाने २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, कारण देशात फोर-जी न पोहोचलेली २४,६८० गावे शिल्लक होती. म्हणजे सरकारनेच आपल्या कागदावर कबूल केले की चोवीस हजारांहून अधिक गावांत धड रेंज नाही.

आता याच काळात सरकारने आमच्याकडे काय मागितले ते पाहा. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली. तलाठ्याने बांधावर येऊन लिहायचा पीकपेरा आता शेतकऱ्याने शेतात उभे राहून, मोबाईलने फोटो काढून पाठवायचा. पेरा नोंदला गेला नाही तर सातबारा कोरा, आणि कोऱ्या सातबाऱ्यावर ना अनुदान ना खरेदी. २०२४ च्या खरिपापर्यंत पीक विम्यात गारपीट किंवा अतिवृष्टी झाली तर ७२ तासांच्या आत कळवायची अट होती. पाणी तुंबलेल्या पऱ्हाटीत उभा राहून शेतकरी फोन वर धरून रेंज शोधतो आहे आणि तिकडे विमा कंपनीचे घड्याळ चालू आहे, हे चित्र ज्याने भोगले त्यालाच ठाऊक. २०२५ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाने हमीभावाच्या खरेदीसाठी ‘कपास किसान’ नावाच्या ॲपवर नोंदणी मागितली. लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये हमीभाव जाहीर झाला, पण त्या भावाच्या दारात जायचे तर आधी मोबाईलच्या दारातून जायचे.

सरकारी कारभार मोबाईलवर नेला सरकारने. रेंज नसल्याचा दंड भरतो शेतकरी. म्हणून ‘टॉवर नकोच’ म्हणणाऱ्या मित्रांना आमचे सांगणे आहे की, टॉवर हाकलून लावलात तर सरकारचे किंवा कंपनीचे काही जात नाही. तुमचा पेरा नोंदला जाणार नाही, एवढेच होईल.

भीती किती खरी, किती पोसलेली

आता किरणांचे बोलू. लोकांच्या भीतीची टिंगल करणे आम्हाला मान्य नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्याआधी हीच माणसे विचारत होती की या औषधाने डोळे का चुरचुरतात, डोके का गरगरते. तेव्हा त्यांना कोणी उत्तर दिले नाही. ज्यांनी असे सोसले ते आता टॉवरकडे संशयाने पाहत असतील तर दोष त्यांचा नाही.

पण संशय घेतला म्हणजे पुरावा मिळाला असे होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये रेडिओ लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा गटात टाकले. हे वाक्य गावोगाव फिरते. त्याच गटात आशियाई पद्धतीने मुरवलेल्या भाज्याही आहेत, हे कोणी सांगत नाही. धोका सिद्ध झालेला नाही आणि शंका पुरती फिटलेलीही नाही, एवढाच त्या गटाचा अर्थ. पुढे २०२४ मध्ये त्याच संघटनेच्या सांगण्यावरून झालेल्या मोठ्या आढाव्यात मोबाईलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही.

भारत सरकारने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरींसाठी आधी दर चौरस मीटरला ४.५ वॅट चालत होते, ते ०.४५ वॅट केले. मर्यादा कडक केली हे चांगले झाले. पण ती पाळली जाते की नाही हे कंपनीनेच स्वतः प्रमाणपत्र लिहून सांगायचे आणि दूरसंचार खात्याने त्यातले काही टॉवर निवडून तपासायचे, अशी ती पद्धत. मापारी व्यापाऱ्याच्या पगारावर असला की काटा कसा चालतो हे आम्हाला बाजार समितीत जाऊन शिकावे लागत नाही. म्हणून आम्ही मापाची मागणी करतो.

दोन गोष्टी मात्र प्रत्येकाने समजून घ्याव्यात, म्हणजे भांडण तरी नेमके होईल.

पहिली गोष्ट, टॉवरच्या लहरी विहिरीच्या पाण्यासारख्या खाली साचत नाहीत. वर बसवलेल्या ॲन्टेनातून त्या विजेरीच्या झोतासारख्या समोर आणि किंचित खाली झुकून जातात. ऐन टॉवरच्या पायथ्याशी त्या बहुधा कमी असतात. झोत जमिनीला भिडतो तो काही अंतरावर, आणि अंतर दुप्पट झाले की तीव्रता साधारण पावपट उरते. म्हणून ‘टॉवर गावाबाहेर ढकला’ एवढ्याने काम भागत नाही. झोताचे तोंड कोणाच्या माडीकडे आहे, शाळेच्या गच्चीकडे आहे का, हे पाहावे लागते. ॲन्टेनाच्या समोर, तिच्याच उंचीवर इमारत असेल तर किती अंतर हवे याचे कोष्टक दूरसंचार खात्याने दिलेले होते: दोन ॲन्टेना असतील तर ३५ मीटर, सहा असतील तर ५५, बारा असतील तर ७५. आपल्याकडची बैठी घरे त्या उंचीवर येत नाहीत, पण दुमजली घर, पाण्याची टाकी, टेकाडावरची वस्ती येऊ शकते. हे जागेवर उभे राहून पाहायचे काम आहे. मुंबई-दिल्लीत नकाशावर बोट ठेवून ते होत नाही.

दुसरी गोष्ट, रेंज जितकी कमी तितका हातातला फोन जास्त जोर लावतो, आणि फोन तर कानाला चिकटलेला असतो. टॉवर दूर घालवून एकाच काडीच्या रेंजवर तासभर बोलणारा माणूस किरणांपासून वाचला असे समजण्यात अर्थ नाही.

चिखलहोळचा धडा

सांगली जिल्ह्यात चिखलहोळ नावाचे गाव आहे. तेथे टॉवरचे काम सुरू होणार म्हणताना लोकांनी तक्रारी केल्या की किरणांनी आजार होतील. ग्रामपंचायतीने ठराव करून काम थांबवले. टॉवर कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि २०२३ मध्ये न्यायालयाने तो ठराव रद्द केला. कारण साधे होते: टॉवरच्या किरणांनी अपाय होतो असे दाखवणारा शास्त्रीय आधार ग्रामपंचायतीकडे नव्हता.

याच्या उलट एक उदाहरण लोक सांगतात. २०१७ मध्ये ग्वाल्हेरच्या एका घरकामगाराच्या अर्जावरून सर्वोच्च न्यायालयाने शेजारचा एक टॉवर सात दिवसांत बंद करायला लावला. ते खरे आहे. पण एका माणसाच्या, एका टॉवरच्या प्रकरणातल्या आदेशावर भिस्त ठेवून गावाने कोर्टाची पायरी चढायची म्हणजे शेजाऱ्याच्या शेतात पाऊस पडला म्हणून आपण पेरणी करण्यासारखे आहे.

चिखलहोळवरून आम्ही एवढेच घ्यावे की, भीतीच्या जोरावर केलेला ठराव कोर्टात टिकत नाही. ठरावात जे मोजता येते, दाखवता येते, कागदावर मांडता येते तेच लिहावे. घरापासूनचे अंतर मोजता येते. जनित्राचा आवाज मोजता येतो; निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या नियमांत लिहिलेली आहे. मनोरा कलंडला तर कोणाच्या छपरावर येईल हे दोरी धरून दाखवता येते. वाट कोणाच्या उभ्या पिकातून जाणार हे शेतात जाऊन दाखवता येते. यातला एकही मुद्दा ‘गैरसमज’ म्हणून उडवून लावता येणार नाही.

सरकारने हळूच काय काढून घेतले

येथे आमचा खरा राग सरकारवर आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र सरकारने तारमार्गाच्या नियमांत दुरुस्ती केली. खाजगी जागेत टॉवर उभारायचा तर स्थानिक यंत्रणेची परवानगी लागणार नाही, काम सुरू करण्याआधी लेखी सूचना दिली की पुरे, असे त्यात ठरले. परवानगी आणि सूचना यांत किती अंतर आहे ते सांगायला नको. परवानगी मागणारा दारात उभा राहतो. सूचना देणारा घरात शिरून मग कळवतो.

मग आला २०२३ चा दूरसंचार कायदा. त्याच्या बाराव्या कलमात अशी तरतूद आहे की, जागेचा मालक वाट देत नसेल आणि केंद्र सरकारला ते सार्वजनिक हिताचे वाटले, तर सरकार तो वाटेचा हक्क संपादन करू शकते. ‘सार्वजनिक हित’ हे दोन शब्द ऐकले की शेतकऱ्याने आपला सातबारा चाचपून पाहावा. धरण, रस्ता, औद्योगिक वसाहत, प्रत्येक वेळी याच दोन शब्दांनी जमीन गेली. त्याच कायद्याच्या चौदाव्या कलमाने टॉवर हा त्या जागेचा भाग धरायचा नाही, मालमत्ता करासाठीसुद्धा नाही, असे सांगितले. टॉवरचा कर जमीनमालकाच्या डोक्यावर बसत नाही हे ठीक आहे. पण डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या प्रकरणात टॉवरवर मालमत्ता कर लावण्याचा स्थानिक संस्थांचा अधिकार उचलून धरला होता. सात वर्षांत कायद्याने त्या अधिकाराच्या पायाखालची माती ओढली.

म्हणजे परवानगीचा अधिकार गेला, कराच्या अधिकाराला सुरुंग लागला, आणि ‘जागा देत नाही’ म्हणण्याच्या अधिकारावरही टांगती तलवार आली. गावाकडे राहिली ती फक्त बातमी ऐकण्याची मुभा.

लायसेन्स-परमिटच्या राज्याने आमचे वाटोळे केले, त्यामुळे प्रत्येक गोष्टीला सरकारी शिक्का हवा असे आम्ही म्हणत नाही. ग्रामसेवकाच्या टेबलावर टॉवरची फाईल सहा महिने पडून राहावी आणि पाकीट दिल्यावर हलावी, हे आम्हाला नकोच आहे. पण शेजाऱ्याला विचारणे म्हणजे लायसेन्स राज नव्हे. इंग्लंडात टॉवरसाठी कंपनी स्थानिक कौन्सिलकडे नकाशे देते, आजूबाजूच्यांना कळवले जाते, आणि ५६ दिवसांत कौन्सिलने जागा आणि दिसणे यावर निकाल द्यायचा असतो. लहरी मर्यादेत आहेत असे प्रमाणपत्र कंपनीने जोडले की आरोग्याचा वाद तेथे पुन्हा उकरत नाहीत. पण ही जागा योग्य आहे का, दुसरी चांगली आहे का, हे शेजारी विचारू शकतो. मुदत ठरलेली असल्याने कामही अडकत नाही. तेथल्या शेतकऱ्याला जो प्रश्न विचारता येतो तो बीबीच्या शेतकऱ्याने विचारला तर देशाची प्रगती कशी काय थांबते?

आणखी एक हिशेब सांगतो. टॉवरला चोवीस तास वीज लागते. गेली तर बॅटरी आहे, बॅटरी संपली तर डिझेलचे जनित्र आहे. आमच्या विहिरीवरच्या पंपाला वर्षानुवर्षे पाळीने आठ तास वीज मिळाली, तीही अर्ध्या वेळा रात्री, साप-विंचवाच्या सोबतीने. यंत्राला अखंड वीज पोहोचवता येते हे टॉवरने सिद्ध केलेच आहे. मग पंपाचे वेळी हे कौशल्य कोठे जाते?

करार की एकाधिकार खरेदी

आता ज्याच्या शेतात टॉवर यायचा त्या भावाशी दोन शब्द. १९७२ साली या राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी आली. गिऱ्हाईक एकच, भाव त्याचा, प्रतवारी त्याची आणि चुकारे त्याच्या सवडीने. टॉवरचा करार पुढ्यात आला की ते दिवस आठवावेत. कागद बहुधा इंग्रजीत असतो. कंपनीला महिन्याभराच्या नोटिशीवर उठता येते, जमीनमालकाला मात्र दहा-वीस वर्षे उठवता येत नाही. एका मनोऱ्यावर पुढे दुसरी, तिसरी कंपनी आपल्या ॲन्टेना लावते, कमाई वाढते, तुमचे भाडे तेवढेच राहते. कंपनी गेली तर काँक्रीटचा पाया कोणी उखडायचा याबद्दल कागद मुका असतो. २०१७-१८ मध्ये आरकॉम आणि एअरसेल यांचा मोबाईलचा धंदा बंद पडला. मोठमोठ्या कंपन्याही पाहता पाहता बुडतात. त्या दिवशी तुमच्या वावरात उभ्या लोखंडाचे भाडे कोणाकडे मागायचे, हे सही करण्याआधी विचारा.

आणि ज्याला फोन येतो की, ‘तुमच्या शेतावर टॉवर मंजूर झाला, महिन्याला एवढे हजार भाडे, आधी नोंदणी फी भरा’, त्याने तो फोन ठेवून द्यावा. ही सरळ लूट आहे. दूरसंचार खाते आणि दूरसंचार नियामक प्राधिकरण यांनी वारंवार सांगितले आहे की जागा भाड्याने घेण्याशी त्यांचा संबंध नाही आणि ते अशी ना-हरकत पत्रे देत नाहीत. जो तुमची जागा वापरणार तो तुम्हाला पैसे देईल. तुमच्याकडे पैसे मागणारा टॉवरवाला नव्हे, चोर आहे.

गावाने स्वतः तपासणी करावी

सरकार तपासणी करीत नसेल तर गावाने करावी. त्याला इंजिनियर लागत नाही. कंपनीची सूचना आली किंवा जागेची चौकशी सुरू झाली की ग्रामसभा बोलवावी, कंपनीच्या माणसाला समोर बसवावे आणि एवढ्या गोष्टी लेखी मागाव्यात:

१. जागेचा नकाशा, गट क्रमांकासह. मनोऱ्याची उंची, आणि सर्वांत जवळचे घर, गोठा, शाळा, अंगणवाडी किती मीटरवर आहे.

२. ॲन्टेना किती, त्यांची तोंडे कोणत्या दिशेला, आणि त्या दिशेला, त्या उंचीवर कोणाचे बांधकाम आहे का.

३. मनोऱ्याच्या मजबुतीचा दाखला आणि विजेपासून संरक्षणाची व्यवस्था. उघड्या माळावर उंच लोखंड उभे करायचे तर हा प्रश्न पहिला.

४. जनित्र कोठे, त्याला आवाज दाबणारे आवरण आहे का, डिझेल कोठे साठवणार, आणि जवळच्या विहिरीपासून ते किती लांब.

५. गाडीवाट आणि वीजतार कोणाच्या शेतातून, आणि पिकाच्या नुकसानीची भरपाई कोण, किती दिवसांत देणार.

६. टॉवर सुरू झाल्यावर एका महिन्यात, जवळच्या तीन घरांच्या दारात, लहरींचे मोजमाप गावासमोर करून आकडे चावडीवर लावण्याची लेखी हमी. २०१७ मध्ये केंद्राने तरंग संचार नावाची सोय काढली, तेव्हा चार हजार रुपये भरून कोणाही नागरिकाला मोजणी मागता येईल असे ठेवले होते. ते पैसे शेतकऱ्याने का भरावेत? ज्याचा टॉवर त्याने भरावेत.

७. दुसरी जागा पाहिली होती का, पाहिली असेल तर का सोडली. गायरान, पडीक टेकाड, वस्तीपासून दूरचा धुरा उपलब्ध असताना घराला खेटूनच जागा का हवी.

८. जमीनमालकाच्या कराराची मराठी प्रत. भाडे त्याचे खाजगी असेल, पण टॉवर हटवण्याची आणि जमीन पूर्ववत करून देण्याची कलमे साऱ्या गावाच्या हिताची आहेत.

उत्तरे आली की ग्रामसभेने ठराव करावा. जागा ठीक असेल तर तसे लिहावे आणि काम अडवू नये. ठीक नसेल तर कोणत्या मोजमापामुळे ठीक नाही आणि कोणती दुसरी जागा चालेल, तेही लिहावे. असा ठराव हातात असेल तर गाव जिल्हाधिकाऱ्यापुढे किंवा कोर्टापुढे रिकाम्या हाताने उभे राहत नाही. ‘आम्ही अडवतो’ असे न म्हणता ‘आम्ही तपासून जागा सुचवतो’ असे म्हणणाऱ्या गावाला विकासाचा वैरी ठरवणे पुढाऱ्यांनाही जड जाईल.

आणि सरकारकडे आमची मागणी एकच आहे. ज्या गावात घराजवळ टॉवर यायचा त्या गावाच्या ग्रामसभेपुढे ही माहिती तीस दिवस आधी मराठीत ठेवण्याचे बंधन कंपनीवर घाला. तीस दिवसांत गावाने उत्तर दिले नाही तर कंपनीने खुशाल काम सुरू करावे. यात ना लायसेन्स आहे, ना परमिट, ना कोणाच्या टेबलावर फाईल. सरकारला एवढेही नको असेल, तर त्याने ई-पीक पाहणी, विमा आणि कापसाची नोंदणी पुन्हा कागदावर आणावी. मोबाईलची सक्ती आमच्यावर आणि मोबाईलच्या मनोऱ्याबद्दल तोंड उघडायचे नाही, असा दुहेरी कारभार आम्ही चालू देणार नाही.

या बैठकीहून परत जाताना प्रत्येक गावच्या कार्यकर्त्याने वरच्या आठ प्रश्नांचा कागद बरोबर न्यावा. तो ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा आणि गावात आधीपासून टॉवर उभा असेल तर तेच प्रश्न त्याच्याबद्दलही विचारावेत. पुढच्या जिल्हा बैठकीत कोणत्या गावाला कोणती उत्तरे मिळाली, आणि कोणाला मिळाली नाहीत, याचा हिशेब गावागावांनी मांडायचा आहे.